रुग्णालय आणि धूर

चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. छातीच्या दुखण्यानें हैराण झालेल्या वडिलांना घेऊन मी एका मोठ्या इस्पितळांत गेलों होतों. तेथील वयोवृद्ध डॉक्टरांनीं त्यांची छाती तपासली, श्वास ओढावयास लावला, सोडावयास लावला, आणि मग खुर्चींत मागें रेलून, बोटांमधील सिगारेटची राख टेबलावरील रक्षापात्रांत झाडीत ते म्हणाले, "विडी अजिबात बंद करावयाची." वडिलांनीं एकवार त्या रक्षापात्राकडे पाहिलें व "बरं, डॉक्टरसाहेब" एवढेंच म्हटलें. त्यांची विडी कांहीं सुटली नाहीं. आज असा देखावा दृष्टीस पडला तर आपण थक्क होऊं. पण तो नाहींसा कसा झाला, हा इतिहास वाटतो तितका सरळ नाहीं.

मुळांत तंबाखू युरोपांत मान पावली ती औषध म्हणून. सेव्हिल येथील वैद्य निकोलास मोनार्देस यानें १५७१ सालीं आपल्या ग्रंथांत तिचे गुण मोठ्या उत्साहानें वर्णन केले. १६६५ च्या प्लेगांत लंडनचे लोक रोगाचें निवारण व्हावें म्हणून तिचा धूर घेत. अठराव्या शतकांत तर पाण्यांत बुडालेल्या मनुष्यास शुद्धीवर आणण्यासाठीं भात्यानें तंबाखूचा धूर त्याच्या आंतड्यांत भरण्याचा उपाय लंडनमधील चांगल्या वैद्यांना मान्य होता. आपणांस हसूं येतें. त्या वैद्यांना मात्र आपण शास्त्र सोडून वागत आहों असें मुळींच वाटत नव्हतें.

पुढें औषधाचा हा बडिवार ओसरला, तरी रुग्णालयांतून तंबाखू गेली नाहीं. तिला दुसरा आश्रय मिळाला, तो दयेचा. पहिल्या महायुद्धांत जखमी शिपायाच्या ओठांत सिगारेट ठेवून ती पेटवून देणारी परिचारिका हें करुणेचेंच चित्र समजलें जाई, आणि तें खोटें नव्हतें. ज्याचा पाय कापला गेला आहे त्याला घटकाभर विरंगुळा द्यावयाचा, त्यांत कोणाला पाप दिसणार? पुढील काळांत खाटेशेजारीं रक्षापात्र असणें, इस्पितळांतील दुकानांत सिगारेटी विकल्या जाणें, या गोष्टी निष्काळजीपणाच्या म्हणून आपण सहज निकालांत काढतों. पण त्यांच्या मुळाशीं हा जुना दयाभाव होता, हें विसरून चालणार नाहीं.

या दयेवर पहिला घाव घातला तो रुग्णालयांतल्याच खाटांनीं. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघां इंग्रज संशोधकांनीं लंडनच्या वीस रुग्णालयांतील रोग्यांची विचारपूस करून १९५० च्या सप्टेंबरांत आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या कर्करोगानें पिडलेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे अवघे २ निघाले; इतर दुखणीं घेऊन आलेल्या तितक्याच पुरुषांत असे २७ होते. वाचकांनीं हा दुसरा आंकडाहि नीट पाहावा. बाराशें अठ्ठ्याण्णव पुरुषांत धूर न घेणारे सारे मिळून एकोणतीस! ज्या समाजांत सर्वच एका धुरांत वावरत होते तेथें त्या धुराचा दोष ओळखूं येणें किती कठीण असेल, याची यावरून कल्पना यावी. खुद्द डॉल हे धूम्रपान करीत. हें काम चालू असतांनाच त्यांनीं तें सोडलें.

सर्वांनाच तें साधलें नाहीं. अमेरिकेंतील सेंट लुई येथील शस्त्रवैद्य एव्हार्ट्स ग्रॅहम यांनीं १९३३ सालीं कर्करोगानें ग्रासलेलें एका रोग्याचें सबंध फुप्फुस काढून त्याला वांचविलें. तो रोगीहि डॉक्टरच होता. ग्रॅहम स्वतः सिगारेटी ओढीत, आणि सिगारेटवरील आरोपावर आरंभीं त्यांचा विश्वास बसेना. अर्न्स्ट विंडर या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनीं स्वतःच शोध केला, १९५० मध्यें तो प्रसिद्ध केला, आणि सिगारेट टाकली. पण फार उशीर झाला होता. १९५७ सालीं ते फुप्फुसाच्या कर्करोगानेंच वारले. ज्याला त्यांनीं वांचविलें होतें तो रोगी त्यांच्या मागें कित्येक वर्षें जगला.

डॉल आणि हिल यांनीं १९५१ सालीं ब्रिटनमधील सर्व डॉक्टरांना पत्रें धाडून त्यांच्या धूम्रपानाची माहिती मागविली. चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनीं उत्तरें दिलीं, आणि पुढें पन्नास वर्षें त्यांच्या मृत्यूंची नोंद होत राहिली. जन्मभर धूम्रपान करणारांचें आयुष्य सरासरीनें सुमारें दहा वर्षांनीं घटतें, हें अखेर २००४ मध्यें सिद्ध झालें तें वैद्यांच्याच मरणांवरून. तोंपर्यंत त्या वर्गांतील पुष्कळांनीं सिगारेट टाकली होती. माझें मत असें कीं, रोग्यांवर बंदी घालण्याचा अधिकार रुग्णालयांना प्राप्त झाला तो येथें. हातांत सिगारेट धरून दिलेला उपदेश माझ्या वडिलांना पटला नाहीं, तसा तो कोणालाच पटत नसतो.

तरीहि प्रत्यक्ष बंदी यावयास फार काळ लागला. अमेरिकेंत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संयुक्त मंडळानें इमारतींत धूम्रपान नको असा दंडक घातला तो १९९२ मध्यें. त्यांतहि डॉक्टरानें लेखी परवानगी दिल्यास एखाद्या रोग्याला सूट होती. म्हणजे मोनार्देसनंतर चारशें वर्षांनीं धूर पुनः वैद्याच्या चिठ्ठीवर मिळूं लागला! आपल्याकडे २००३ च्या कायद्याखालीं २००८ च्या ऑक्टोबरपासून जे नियम अमलांत आले त्यांत मोठीं हॉटेलें व विमानतळ यांना धूम्रपानाची निराळी जागा राखण्याची मुभा मिळाली, रुग्णालयांना मिळाली नाहीं. पण आपली तंबाखू नुसती ओढली जात नाहीं, ती चघळली जाते. मुंबईच्या टाटा रुग्णालयांतील खानोलकर व त्यांचे सहकारी यांनीं १९५५ सालींच ओढणें आणि चघळणें या दोहोंचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशीं असलेला संबंध तपासला होता. धूम्रपानबंदीच्या पाटीखालीं जिन्याच्या कोपऱ्यांत दिसणाऱ्या तांबड्या पिचकाऱ्या कोणत्या नियमांत बसवावयाच्या?

परंतु या इतिहासांतील खरा पेंच मनोरुग्णालयांचा. इतर रोगी चार दिवसांनीं घरीं जातो. फार तर दाराबाहेर जाऊन ओढून येतो. ज्याला कोंडून ठेवलें आहे त्यानें काय करावें? या संस्थांतून सिगारेट हें एक प्रकारचें चलनच होतें. शहाण्यासारखें वागल्याचें बक्षीस म्हणून ती हातावर ठेवली जाई. ज्यांनीं ही संवय पोसली त्यांनींच एका दिवशीं ती हिरावून घ्यावयाची! म्हणूनच इंग्लंडनें २००७ च्या जुलैंत बंदी आणतांना मनोरुग्णालयांना आणखी एक वर्षाची सवड दिली.

नॉटिंगहॅमशायरमधील रॅम्प्टन या कडेकोट बंदोबस्ताच्या रुग्णालयांतील रोग्यांनीं या बंदीविरुद्ध फिर्याद केली. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, वर्षानुवर्षें आम्ही येथें राहतों तेव्हां हेंच आमचें घर, आणि स्वतःच्या घरांत सिगारेट ओढण्यास कोणालाहि मनाई नाहीं. २००९ सालीं अपील कोर्टाच्या तिघां न्यायमूर्तींपैकीं दोघांनीं तें अमान्य केलें, एकानें भिन्न मत दिलें. बंदीचा मी पक्षपाती आहें. तरी त्या एका न्यायमूर्तीचें मत मला सहजासहजीं दूर सारतां येत नाहीं.

स्कॉटलंडमधील कारस्टेअर्सच्या रुग्णालयानें तर २०११ पासून तंबाखू जवळ बाळगण्यासहि मनाई केली. त्यासाठीं झडत्या सुरू झाल्या. एका रोग्यानें हा वाद थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. झडती व जप्ती यांसाठीं कायद्यानें घालून दिलेली रीत पाळली गेली नाहीं, सबब तंबाखू बाळगण्यावरील मनाई तेवढ्यापुरती बेकायदेशीर, असा निकाल २०१७ च्या एप्रिलांत, म्हणजे बंदीनंतर पांच वर्षांनीं, त्याला मिळाला. नुकसानभरपाई मिळाली नाहीं. आणि सिगारेट ओढण्याची परवानगी तर नाहींच नाहीं.