रेषेचा प्रामाणिकपणा

इ. स. १८५८ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने क्रिमियाच्या युद्धात शत्रूच्या गोळीपेक्षा रोगानेच अधिक सैनिक दगावले, हे एका आकृतीने राज्यकर्त्यांस पटवून दिले. आकड्यांचे चित्र सत्याची अशी सेवा करते. परंतु तेच असत्याचीही करू शकते.

घनसावंगीकडे पाहावे. समर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब आज याच तालुक्यात आहे. पूर्वी ते औरंगाबाद जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात असे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निराळा झाला. आता औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, १९७१ च्या शिरगणतीचा आकडा १९९१ च्या आकड्याशी सरळ रेषेने जोडला, तर लोकवस्तीची वाढ खरीहून पुष्कळ कमी दिसेल. आकडे दोन्ही खरे, रेषा मात्र खोटी! माणसे कोठे गेली नाहीत, सीमा हलली.

यावर उपाय सोपा आहे: रेषा तेथे तोडावी व कारण शेजारीच लिहावे, किंवा दोन्ही वर्षांस एकाच मुलुखाची बेरीज घ्यावी. शाळा, विहिरी, दवाखाने यांची वाटणी अशाच तक्त्यांवरून होते. म्हणून सुबक रेषेहून आम्हांस तुटकी पण खरी रेषा अधिक मोलाची वाटते.