साखर सोडलेलीं घरें

साखरेची चटक जिभेस एकदां लागली म्हणजे ती सुटतां सुटत नाहीं. वैद्य पथ्य सांगतात, घरचीं माणसें साखरेचा डबा फडताळांत वर ठेवतात, चार दिवस कसेबसे जातात आणि पांचव्या दिवशीं हात पुन्हां डब्याकडे वळतो. स्वतःच्या प्रकृतीसाठीं केलेला निश्चय जेथें टिकत नाहीं, तेथें कधीं न पाहिलेल्या, परक्या माणसांसाठीं हजारों घरांनीं साखर वर्ज्य करावी ही गोष्ट प्रथमदर्शनीं असंभाव्य वाटते. परंतु १७९१ व १७९२ या सालीं इंग्लंडांत ती घडली.

अठराव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत दर माणशीं वर्षाकांठीं सुमारें ४ रत्तल साखर खपत असे. शतक संपतां संपतां हें प्रमाण सुमारें १८ रत्तलांवर गेलें. चहाची चाल वाढली आणि चहाबरोबर साखर श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून मजुरांच्या झोंपड्यांत पोंचली. ही साखर जमेका, बार्बेडोस इत्यादि वेस्ट इंडीज बेटांतून येई, आणि तेथें ऊस पिकवीत ते आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम. तोडलेला ऊस लवकर गाळला नाहीं तर रस आंबतो. म्हणून हंगामांत चरक रात्रंदिवस चाले. झोंपेनें ग्लानि आलेल्या मजुराचा हात चरकाच्या लाटांत सांपडला, तर तो तोडून जीव वांचवितां यावा यासाठीं शेजारींच कोयता ठेवलेला असे. मरण तेथें इतकें सुलभ होतें कीं, बहुतेक बेटांवरील गुलामांची संख्या जन्मांनीं भरून निघत नसे. नवीं माणसें सतत आणावीं लागत.

१७९१ च्या एप्रिलमध्यें विल्यम विल्बरफोर्स यांनीं गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटापुढें आणला. त्याच्या बाजूस ८८ आणि विरुद्ध १६३ मतें पडून तो फेटाळला गेला. मताचा हक्क त्या काळीं थोड्याच पुरुषांस होता. पार्लमेंटानें दार लावल्यावर सामान्य माणसानें करावें तरी काय? या प्रश्नाचें उत्तर लंडनमधील विल्यम फॉक्स या पुस्तकविक्रेत्यानें त्याच वर्षीं एका छोट्या पत्रकांत दिलें. मार्था गर्नी या बाईंच्या सहकार्यानें निघालेल्या या पत्रकाच्या थोड्याच काळांत वीसांहून अधिक आवृत्त्या खपल्या. फॉक्स याचा मुद्दा सरळ होता. गुलाम पकडणारा, त्यांस विकणारा आणि राबविणारा हे सारे साखर घेणाऱ्याचे मुनीम आहेत; मालकानें मागणी थांबविली कीं मुनिमांचें काम संपलें. त्यानें हिशेबहि मांडला होता. आठवड्यास ५ रत्तल साखर व त्या मानानें रम वापरणाऱ्या कुटुंबानें २१ महिने या जिनसा वर्ज्य केल्या, तर एक मनुष्य गुलामगिरींतून अथवा मृत्यूंतून वांचेल. या आंकडेमोडीचा काटेकोरपणा वादग्रस्त असेल. परंतु तिनें एक काम केलें. समुद्रापलीकडचा अन्याय तिनें घरच्या चहाच्या टेबलावर आणून ठेवला.

टॉमस क्लार्कसन हे या चळवळीचे अविश्रांत प्रवासी कार्यकर्ते. आपण गेलों त्या प्रत्येक गांवीं साखर सोडलेलें कोणी ना कोणी भेटलें, असें त्यांनीं पुढें लिहून ठेवलें, आणि अशा माणसांची एकंदर संख्या ३ लक्षांपर्यंत असावी असा अंदाज केला. १८०१ च्या पहिल्या खानेसुमारींत ग्रेट ब्रिटनची वस्ती सुमारें १ कोटी ५ लक्ष भरली. त्या मानानें हें प्रमाण शेंकडा तीनच्या आसपास येतें. त्यांत गरीब होते, श्रीमंत होते, निरनिराळ्या धर्मपंथांचे लोक होते. यजमानानें साखर सोडल्यावर नोकरांनींहि ती आपखुषीनें सोडल्याचीं उदाहरणें क्लार्कसन देतात, आणि समजत्या वयाचीं मुलेंहि मागें राहिलीं नाहींत असें सांगतात. घरांत काय यावें व काय येऊं नये हें बहुधा स्त्रियांच्या हातीं होतें. म्हणून ज्यांस मत नव्हतें त्यांचाच या कामीं मोठा वांटा होता. सफक परगण्यांतील हेवरहिल गांवच्या जेम्स राइट नांवाच्या व्यापाऱ्यानें तर १७९२ च्या मार्चमध्यें वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन कळविलें कीं, कमी कलंकित मार्गानें मिळेपर्यंत आपण साखर विकणार नाहीं. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जाणार, हें त्यास कळत नव्हतें असें नव्हे.

थट्टाहि पुष्कळ झाली. त्याच महिन्यांत जेम्स गिलरे या व्यंगचित्रकारानें खुद्द राजा तिसरा जॉर्ज व राणी शार्लट बिनसाखरेचा चहा पीत आहेत, राजकन्या तोंडें वाईट करून बसल्या आहेत, आणि यांत खर्च किती वांचतो हें राणी त्यांस समजावीत आहे, असें चित्र काढलें. हंसावयास लावणाऱ्या या चित्रांत एक सत्य होतें. इच्छेविरुद्ध सोडलेली साखर तोंड कडू करते. मनानें सोडलेलीचें तसें होत नाहीं.

पुढें काय झालें? १७९२ च्या एप्रिलमध्यें पार्लमेंटानें व्यापार 'हळूहळू' बंद करण्याचें मान्य केलें. पण वरिष्ठ सभेनें तें लांबणीवर टाकलें. १७९३ सालीं फ्रान्सशीं युद्ध जुंपलें, प्रत्येक लोकचळवळींत राज्यक्रांतीचा वास येऊं लागला, आणि अनेक घरांत साखर परतली. व्यापार कायद्यानें बंद झाला तो १८०७ सालीं. गुलामगिरी त्यानंतरहि राहिली. म्हणून १८२४ सालीं लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक या बाईंनीं 'हळूहळू नव्हे, ताबडतोब' अशी मागणी करणारें पत्रक काढलें, आणि स्त्रियांच्या मंडळांनीं घरोघर जाऊन साखरत्यागाची चळवळ पुन्हां उभी केली. कांहीं घरांत हिंदुस्थानची साखर येऊं लागली. तिजवर जकात अधिक असे. तरी 'ही साखर गुलामांनीं केलेली नव्हे' अशा अर्थाचीं अक्षरें असलेल्या साखरदाण्या मेजावर दिसूं लागल्या.

या दोन लाटांच्या मध्यंतरीं ज्यांनीं व्रत मोडलें नाहीं, त्यांत विल्यम ॲलन हे एक होते. हे लंडनमधील क्वेकर पंथाचे औषधविक्रेते व रसायनशास्त्रज्ञ. ऐन तारुण्यांत त्यांनीं साखर सोडली आणि चाळीसांहून अधिक वर्षें, गुलाम मुक्त होईपर्यंत, ती घेतली नाहीं. मुक्ततेचा कायदा १८३३ सालीं झाला व १ ऑगस्ट १८३४ पासून अंमलांत आला. मालकांस २ कोटि पौंड नुकसानभरपाई मिळाली. गुलामांस कांहीं मिळालें नाहीं.

येथेंच ही कथा संपती, तर ती गोड झाली असती. परंतु लोकांची दृष्टि मेजावरून हलली आणि साखरेनें दुसरे मार्ग शोधले. १८४६ च्या जकात कायद्यानें क्यूबा व ब्राझील येथील, गुलामांनींच पिकविलेल्या, साखरेस इंग्लंडचा बाजार मोकळा होत गेला. मळेवाल्यांनीं १८३४ पासून हिंदुस्थानांतून गिरमिटावर मजूर मॉरिशसला नेण्यास सुरुवात केली. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत कोंकणांतील मराठी माणसेंहि होतीं. त्यांचे वंशज आजहि तेथें गणेशोत्सव करतात. ही पद्धति बंद व्हावी म्हणून नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं ४ मार्च १९१२ रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत ठराव मांडला. तो नामंजूर झाला. भरती थांबली ती १९१७ सालीं, गोखले यांच्या निधनानंतर दोन वर्षांनीं.

तेव्हां साखर सोडून काय साधलें, असें कोणी विचारील, तर उत्तर दोन्ही बाजूंनीं द्यावें लागेल. एकट्या त्यागानें मळे बंद पडले नाहींत. त्यासाठीं कायदा लागला, आणि स्वतः गुलामांनीं केलेले उठावहि कारणीभूत झाले. परंतु आपल्या तोंडांतील घांस कोणाच्या श्रमांतून आला हा प्रश्न विचारण्याची संवय त्या घरांस लागली, आणि त्या संवयीनें कायद्यास लोकांचें पाठबळ दिलें. कायदा झाल्यावर ती संवय सुटली, तेव्हां जुनाच जुलूम नवें नांव घेऊन परत आला. जिभेची चटक मोडण्यास ॲलन यांस एकदांच निश्चय करावा लागला असेल. तो प्रश्न मात्र त्यांस चाळीस वर्षें, रोज चहाच्या वेळीं, विचारावा लागला.