अर्धांगवायू आणि शरीराचा तोल

अर्धांगवायूचा इतिहास वैद्यांच्या ग्रंथांवरून लिहितां येतो, तसा रोग्यांच्या चरित्रांवरूनहि लिहितां येतो. आम्ही आज दुसरी वाट धरतों. साताऱ्याहून कोरेगांवावरून पुसेगांवाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टापूंत, खटाव तालुक्यांत, कटगुण हें गांव आहे. महात्मा जोतीराव फुले ह्यांचें घराणें मूळचें ह्या कटगुणचें.

११ मे १८८८ रोजीं मुंबईच्या सभेंत जोतीरावांस ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली. पुढें दोनच महिन्यांनीं, जुलैंत, त्यांस अर्धांगवायूचा झटका आला व उजवें अंग लुळें पडलें. डॉ. विश्राम रामजी घोले ह्यांनीं उपचार केले. लिहिता हात गेला, परंतु सांगावयाचें राहिलें होतें. तेव्हां साठी उलटलेल्या ह्या पुरुषानें डाव्या हातानें लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरें केलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं त्यांचा अंत झाला आणि ग्रंथ १८९१ सालीं प्रसिद्ध झाला.

ह्या प्रसंगांत निर्धार दिसतो, हें तर खरेंच. परंतु आम्हांस त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. दुखावलेला मेंदूहि उतारवयांत नवी विद्या शिकूं शकतो. मात्र ही विद्या बदलीची होती. उजवा गेला म्हणून डावा कामास लाविला. हाताच्या जागीं दुसरा हात चालतो. धडाच्या जागीं दुसरें धड कोठून आणावें? बसणें, उठणें, उभें राहणें, पाऊल टाकणें ह्यांस दोन्ही अंगें लागतात. तेथें बदलीचा न्याय चालत नाहीं.

जुन्या उपचारांचें लक्ष ह्या गोष्टीकडे फारसें नव्हतें. चरकसंहितेंत पक्षाघातावर स्नेहन, स्वेदन व विरेचन सांगितलें आहे. व्यायामाची परंपरा आमच्याकडे नव्हती असेंहि नाहीं. कोरेगांव तालुक्यांतील रहिमतपुराच्या शेजारींच औंध. तेथील अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार देशांत व देशाबाहेरहि केला. परंतु ती प्रामुख्यानें निरोगी शरीराची साधना. अर्ध्या अंगाला जाग नाहीं त्यानें काय करावें, ह्याचें उत्तर तिच्यांत नव्हतें.

तें उत्तर १९४० नंतरच्या दशकांत लंडनमध्यें आकारास येऊं लागलें. जर्मनींतून तेथें आलेल्या बर्टा बोबाथ ह्या बाईंनीं, आणि त्यांचे पति डॉ. कारेल बोबाथ ह्यांनीं, लुळ्या अंगाला वगळून नव्हे, तर त्यालाच कामांत घेऊन हालचाल पुन्हां शिकवितां येते, असा विचार मांडला. त्यांच्या उपपत्तींतील कांहीं भाग पुढें मागें पडला. कोणती एकच पद्धत सर्वांत श्रेष्ठ, हेंहि तौलनिक परीक्षणांत सिद्ध झालें नाहीं. मूळ दृष्टि मात्र टिकली. इकडे पोलिओच्या साथीनंतर, १९५२-५३ च्या सुमारास, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें भौतिकोपचाराची शाळा निघाली. ह्या विद्येचें रीतसर शिक्षण देणारी देशांतील ती पहिली संस्था होय.

तोल म्हणजे केवळ पायांतील बळ नव्हे. डोळे, कानाच्या आंतील भाग आणि सांधे-स्नायू ह्यांकडून येणारी वार्ता मेंदू जुळवितो व ‘उभें’ कोणतें तें ठरवितो. हा हिशेबच चुकला तर पायांत शक्ति असूनहि माणूस कलतो. कांहीं रोगी तर चांगल्या हातानें स्वतःस लुळ्या बाजूकडे ढकलतात. सरळ करूं पाहणाऱ्यास विरोधहि करतात. घरचे त्यास हट्ट म्हणतात. इ. स. २००० मध्यें जर्मन संशोधकांस असें आढळलें कीं, अशा रोग्यांस आपलें शरीर सुमारें १८ अंश कललेलें असतांनाच सरळ वाटतें. मात्र डोळ्यांस दिसणारी उभी रेघ त्यांस बरोबर कळते. म्हणून त्यांस दाराची चौकट किंवा भिंतीचा कोपरा दाखवून, त्याच्याशीं आपलें अंग ताडून पाहण्यास शिकवितात.

घाईहि बरी नव्हे. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या, पांच देशांतील २१०४ रोग्यांच्या परीक्षणांत, झटक्यानंतर चोवीस तासांच्या आंत वारंवार व दीर्घकाळ उठविलेल्यांची स्थिति तीन महिन्यांनीं इतरांहून कांहींशी कमीच चांगली आढळली. तेव्हां वेळ वैद्यानें ठरवावी. परंतु ती ठरल्यावर रोग्यास अंथरुणावर ठेवूं नये. पाय जमिनीस टेकवून बसविणें, लुळ्या बाजूवरहि भार देण्यास शिकविणें, बसल्या जागीं हात लांबवून वस्तु उचलावयास लावणें, आणि उठवितांना लुळा हात धरून कधींहि न ओढणें, इतकें तर घरच्यांनींहि भौतिकोपचारकापाशीं शिकून घेण्यासारखें आहे.

जोतीरावांच्या काळीं ही विद्याच नव्हती. त्यांनीं आपल्या बळावर जेवढें साधलें तेवढें साधलें. आज ती आहे. तरी अनेक घरांत ‘आतां तुम्ही स्वस्थ पडा, आम्ही सर्व करूं’ हेंच प्रेमाचें वाक्य समजलें जातें. सेवेचा हेतु चांगला, परंतु रोग्याचें शिकणें त्यानें थांबतें. आजाऱ्यास भरवणाऱ्या हातापेक्षां, तो स्वतः उठत असतां पडूं नये म्हणून जवळ राहणारा हात अधिक उपकारक, असें आम्हांस वाटतें.