बोरघाटातले थकलेले पगार

कर्जत-लोणावळ्यादरम्यान बोरघाटातून रेल्वे नेण्याचे काम १८५६ साली सुरू झाले. कंत्राट विल्यम फेविएल यांच्याकडे होते. सुमारे १५ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि सुरुंग लावून फोडायचा काळा कातळ. पावसाळ्यात काम थंडावे. पटकीची साथ आली की माणसे मरत, उरलेली गावाकडे पळत.

पण घाट खरा अडला तो मजुरीपायी.

पोटकंत्राटदारांच्या साखळीत मजुरांचे पैसे अडकत गेले. जानेवारी १८५९मध्ये थकलेल्या पगारावरून दंगा पेटला आणि त्यात एका युरोपियनाचा बळी गेला. त्याच वर्षी फेविएल यांनी कंत्राट सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारले. त्यांची पत्नी ॲलिस यांनी दोन इंजिनिअरांच्या मदतीने काम पुढे नेले. १८६१मध्ये घाटात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते.

दरम्यान १८६० साली रेल्वे, कालवे व सार्वजनिक बांधकामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटपुढे झटपट मिटवणारा कायदा आला. मजुराला दाद मागता येऊ लागली. मात्र करार मोडून काम सोडले, तर त्याच कायद्याने त्याला तुरुंगही दाखवला. १८६३मध्ये घाटातून गाडी धावली.