टाक्याआधीची रेघ

आपल्या शिंपी समाजाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे आपण गज, कात्री आणि सुई या तीन वस्तूंपासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या तिहींच्या सोबतीस आणखी एक वस्तू असते, तिची आठवण सहसा कोणी काढीत नाही. ती म्हणजे कापडावर प्रथम ओढली जाणारी रेघ. सुई चालू लागण्यापूर्वी ती उमटते आणि वस्त्र धुतले की नाहीशी होते. नाहीशी होणे हाच तिचा धर्म असल्यामुळे तिचा इतिहासही फारसा लिहिला गेला नाही. तो थोडाबहुत येथे मांडण्याचा विचार आहे.

आमच्या धंतोलीतील जुन्या घरी पुढच्या खोलीत आजोबांचे दुकान होते आणि मागच्या पडवीत आजी गोधडी शिवावयास बसावयाची. पुढे खडूची रेघ पडल्याशिवाय कात्री कापडास लागत नसे. मागे मात्र खडूचे नावही नसे. लहानपणी एकदा मी तिला याचे कारण विचारले. ‘‘काठ सांगते तसं जा लागते, बाबू,’’ एवढेच ती म्हणाली. त्या उत्तरात केवढे शास्त्र साठविलेले आहे, हे माझ्या ध्यानात पुष्कळ उशिरा आले.

गोधडीचे पोट जुन्या कापडाचे असते. विरलेली नऊवारी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरावयाची, ती हाताने सारखी करावयाची, आणि कडेपासून धावदोरा घालीत आत जावयाचे. कोपरा आला की वळावयाचे, आणि असे फिरत फिरत मध्य गाठावयाचा. पहिली ओळ काठाच्या आधाराने पडते, दुसरी पहिलीच्या आधाराने. दोन ओळींतील अंतर बोटाच्या रुंदीवर ठरते. कापडाचे थर कापसाप्रमाणे सरकून गोळा होत नाहीत, म्हणून आधी आखून घेण्याची निकड तेथे भासत नाही. शिवाय लुगड्याचे काठ आणि चौकटी या विणकराने मागावरच आखून ठेवलेल्या रेघा होत. आजीची रेघ अशा रीतीने कोष्ट्याच्या घरून येत असे.

रजई किंवा दुलई यांची गोष्ट निराळी. तेथे पिंजलेला कापूस भरावयाचा असतो, आणि टाक्यांनी तो जागच्या जागी धरून ठेवला नाही तर चार महिन्यांत त्याचे गोळे होतात. कापूस भरल्यावर कापड फुगते, त्यावर पट्टी ठरत नाही. म्हणून नक्षी काढावयाची ती कापड सपाट असतानाच काढून घ्यावी लागते. पुन्हा प्रत्येक टाका कापड थोडे आत ओढतो. त्यामुळे तयार झालेली रजई आखलेल्या मापापेक्षा लहान भरते. जाणता कारागीर ती घट आधीच धरून चालतो.

आखण्याच्या रीतीही अनेक आहेत. सर्वांत साधी म्हणजे कापडाची घडी दाबून तिची मोड उमटविणे. त्यापुढची, नीळ किंवा खडूची पूड लावलेला दोरा ताणून धरून सोडणे. फुलापानांसाठी जाड कागदाचा साचा कापून त्याभोवती खडू फिरवितात. नाजूक नक्षीसाठी खाका लागतो. पातळ कागदावर नक्षी काढून तिच्या रेघांवर सुईने जवळजवळ छिद्रे पाडतात. तो कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालविलेला रंग बोळ्याने वरून फिरवितात. फिक्या कापडावर नीळ, गडद कापडावर पांढरी पूड. रॉकेल उडून जाते आणि बारीक ठिपक्यांची नक्षी मागे उरते. कागद बिघडला नाही तर एकच खाका पुष्कळ वेळा कामास येतो. अलीकडे पाण्याने पुसल्या जाणाऱ्या शाईची लेखणी मिळते. परंतु तिच्या रेघेवर धुण्यापूर्वी इस्त्री फिरली तर ती रेघ पक्की बसते, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे.

खाक्याची ही युक्ती आपल्या देशात जुनी आहे. कर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकाने १७४२ साली दक्षिण हिंदुस्थानातून मायदेशी पाठविलेल्या पत्रात तेथील कापड रंगविणाऱ्यांची कृती वर्णिली आहे. कागदावरील नक्षीला सुईने छिद्रे पाडून त्यावरून कोळशाची पूड फिरवीत, असे त्यात आढळते. अशाच कापडांचे पलंगपोस युरोपात गेले, आणि आपला तो शब्द थोडा बदलून इंग्रजीत जाऊन बसला. लखनौच्या चिकनकामात आजही लाकडी ठशाने कच्च्या रंगात नक्षी छापतात, तिच्यावर टाके घालतात आणि काम पुरे झाले की रंग धुऊन टाकतात.

येथे आपल्या समाजाच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. श्रीसंत नामदेव महाराजांना आपण शिंपी म्हणून जाणतो. पंजाबात मात्र, जेथे घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि ज्यांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, त्यांची ओळख ‘छीपा’ अशी आहे. छीपा म्हणजे कापडावर छापा उमटविणारा. आणि पंजाबात त्याच नावाच्या समाजात कपडे शिवणारेही आहेत. आपल्या नागपूरचा ज्यात समावेश होता त्या मध्यप्रांतातील जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही ‘छीपी’ हे नाव शिंपी व दर्जी यांच्या प्रकरणात येते, आणि ‘छीपा’ हे रंगारी व भावसार यांच्या प्रकरणात. यावरून हे समाज एकच होत असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु छापणारा हात आणि शिवणारा हात लोकांना एकमेकांच्या किती निकट वाटत असत, हे या नावांवरून दिसून येते. रेघ आणि टाका ही एकाच उद्योगाची दोन अंगे होत.

आता दूरचे एक उदाहरण पाहू. इंग्लंडच्या उत्तर भागात अॅलनहेड्स नावाचे खेडे आहे. तेथील दुकानदार जॉर्ज गार्डिनर हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रजयांच्या कापडावर निळ्या पेन्सिलीने नक्षी काढून देत. त्यांची शिष्या एलिझाबेथ सँडरसन हिनेही ही विद्या पुढे चालविली. या दोघांची नावे आज वस्त्रविद्येच्या इतिहासात आदराने घेतली जातात. त्यांच्या रेघांवर ज्यांनी महिनोन्‌महिने टाके घातले, त्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे मात्र मागे राहिली नाहीत. जेथे रेघ होती तेथे निदान रेघ काढणाऱ्याचे नाव उरले. आपल्या गोधडीत तर रेघही नव्हती आणि नावही नाही.

आमच्या घरी आजोबांची मापांची वही अद्याप आहे. कोणाचा कोट, कोणाची छाती, कोणाची बाही, सारे तीत स्पष्ट अक्षरात नोंदलेले आहे. आजीच्या हातची एकच गोधडी उरली आहे. ती कोणाकोणाच्या लुगड्यांची केली, घरात कोणते मूल जन्मले तेव्हा शिवली, हे सांगणारे आता कोणी नाही. विचारावयास अवसर होता, तेव्हा मी विचारले नाही. आज धंतोलीत जिकडे तिकडे रुग्णालयांच्या पाट्या दिसतात. ती पडवी ओळखू येणार नाही. समाजाचा इतिहास म्हणून आपण जो सांगतो तो बहुतांशी पुढच्या खोलीचा आहे, मागच्या पडवीचा नव्हे, ही खंत मनातून जात नाही.

म्हणून समाजबांधवांस व भगिनींस एकच विनंती आहे. आपल्या घरी जुनी गोधडी, दुलई, नक्षीचा खाका किंवा लाकडी ठसा असेल तर तो रद्दीत वा भंगारात घालू नका. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांजवळ बसून त्या वस्तूची हकिगत विचारा. गोधडीच्या मागील कोपऱ्यास कापडाची एक लहानशी पट्टी जोडा आणि तिच्यावर शिवणारीचे नाव, गाव व साल दोऱ्याने घाला. खडूची रेघ एका धुण्यात जाते. दोऱ्याचे अक्षर पुष्कळ वर्षे टिकते. ते काम ज्यांच्या घरी अजून होण्यासारखे आहे, त्यांनी ते यंदाच करावे.