कर्सर-स्थान (स्क्रोल करतानाचे)

कर्सर-स्थान : टेक्स्ट एडिटरमध्ये मजकूर वर-खाली सरकवताना कर्सर कुठे राहावा, हे ठरवणारी व्यवस्था. लांबलचक मजकुरावर काम करणाऱ्याची लय तिच्यावर अवलंबून असते.

दोन पद्धती. कर्सर मजकुराशी बांधलेला असेल, तर तो आपल्या ओळीबरोबर सरकतो. पडद्याशी बांधलेला असेल, तर ओळी सरकतात आणि कर्सर त्याच उंचीवर राहतो. मागचा संदर्भ पाहून लिहित्या जागी परतायचे असेल तेव्हा पहिली पद्धत सोयीची. सलग वाचत दुरुस्त्या करताना दुसरी.

एडिटरांतील सोयी. नोटपॅडमध्ये माउसचे चाक फिरवले की कर्सर आपल्या ओळीसह पडद्याबाहेर जातो. अक्षर टंकताच ती जागा पुन्हा समोर येते. बिल जॉय यांच्या व्हीआयवरून (१९७६) ब्राम मूलेनार यांनी घडवलेल्या व्हिममध्ये (१९९१) दोन्ही पद्धती आहेत. कंट्रोल-ई दाबल्यास कर्सर कडेला पोचेपर्यंत आपली ओळ सोडत नाही. कंट्रोल-डी दाबल्यास मजकूर अर्धा पडदा सरकतो आणि कर्सरही तितक्याच ओळी पुढे जातो. ‘स्क्रोलऑफ’ला ९९९ सारखे मोठे मूल्य दिल्यास कर्सरची ओळ पडद्याच्या मध्यावर राहते. ईमॅक्समध्ये कर्सर पडद्याबाहेर जाऊच शकत नाही. त्याची उंची टिकवण्यासाठी ‘स्क्रोल-प्रिझर्व्ह-स्क्रीन-पोझिशन’ हा पर्याय आहे.

देवनागरीतील अडचण. उंचीइतकीच ओळीतील आडवी जागाही टिकावी लागते. ‘वऱ्हाड’ या शब्दात तीन अक्षरे दिसतात, पण युनिकोडमध्ये तो सहा संकेतांचा आहे : व, ऱ, हलंत, ह, काना, ड. ‘ऱ’ हा र आणि नुक्ता असा लिहिला असेल, तर सात. ‘अमरावती’त पाच अक्षरे, सात संकेत; ‘अकोला’त तीन अक्षरे, पाच संकेत. एडिटरने संकेत मोजून जागा ठरवली, तर सरळ खाली यायला हवा तो कर्सर बाजूला सरकतो. म्हणून जागा दिसणाऱ्या रुंदीवरून मोजावी आणि कर्सर जोडाक्षराच्या मध्ये थांबवू नये. युनिकोड १५.१ (२०२३) पासून अक्षरसीमांच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड धरले जाते.

पाठतुलना. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’चे संकलन केले. अशा ग्रंथाचे दोन पाठ पडद्यावर शेजारी ठेवून ताडताना व्हिममधील ‘स्क्रोलबाइंड’ दोन्ही खिडक्या एकत्र सरकवतो, तर ‘कर्सरबाइंड’ दोन्ही कर्सर एकत्र हलवतो. दोन्ही पाठांतील ओळी समांतर असतील तरच याचा खरा उपयोग होतो.

मूल्यमापन. दोन्ही पद्धती आवश्यक आहेत. निवड वापरणाऱ्याच्या हाती असावी. मराठीसाठी एडिटर घडवणाऱ्यांनी ‘वऱ्हाड’सारख्या शब्दांवर त्याची चाचणी अवश्य घ्यावी.