चुलीपाशीं झालेलें धर्मांतर

जुन्नरचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शिवनेरी उभा राहतो, नाणेघाट येतो, लेण्याद्रीचा गणपति येतो. आंबेगांव म्हटलें कीं भीमाशंकराचें रान आठवतें आणि घोड नदी आठवते. जुनें आंबेगांव तर आतां डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें असून तालुक्याचा कारभार घोडेगांवाहून चालतो. या मुलुखाच्या इतिहासांत एखाद्या तरुण ख्रिस्ती गृहिणीची जागा शोधावी, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पण एकोणिसाव्या शतकांत चर्च मिशनरी सोसायटीचें एक ठाणें जुन्नरास होतें. आणि आळेफाट्यावरून जो रस्ता पूर्वेस जातो, तो ज्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पोहोंचतो, तेथें अमेरिकन मराठी मिशननें १८३१ पासून आपलें बिऱ्हाड थाटलें होतें. कुकडी, घोड आणि प्रवरा यांच्या कांठचीं हीं गांवें कारभाराच्या सोयीसाठीं निरनिराळ्या जिल्ह्यांत पडलीं खरीं, पण त्यांची बाजरीची भाकरी एकच, ओवी एकच आणि विहिरीवरचे नियमही एकच.

श्रोतेहो, धर्मांतराचा इतिहास आपण वाचतों तो बहुधा पुरुषांचा असतो. कोणी कोणता ग्रंथ वाचला, कोणत्या पाद्र्याशीं वाद केला, कोणत्या दिवशीं पाणी घेतलें, हें सारें तपशीलवार सांपडतें. बायकोविषयीं एक शब्द असतो: सहकुटुंब. हा शब्द मला नेहमीं अडवतो. ‘सहकुटुंब’ म्हणजे नक्की काय झालें? ती बाई आपण होऊन आली, कीं ओढली गेली? तिनें आपल्या आईचा निरोप कसा घेतला? दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें पाणी कोठून आणलें? एका बाईनें मात्र या प्रश्नांचीं उत्तरें स्वतः लिहून ठेवलीं आहेत. तिचें नांव लक्ष्मीबाई टिळक. जुन्नराहून फार दूर नव्हे अशा नाशिकजवळच्या जलालपूर गांवीं १८६८ सालीं तिचा जन्म झाला. माहेरचें आडनांव गोखले आणि नांव मनकर्णिका.

माहेरचें घर सोंवळ्याचें. आणि सोंवळें म्हणजे साधें सोंवळें नव्हे. तिचे वडील या बाबतींत इतक्या टोकाला गेले होते कीं लेकीबाळींना त्यांचा धाकच वाटे. या वेडामागें एक शोकांतिका होती. १८५७ च्या धामधुमींत घरांतल्या एका वडिलधाऱ्या आप्ताला इंग्रजांनीं फांसावर चढविलें होतें, आणि त्या धक्क्यानें या गृहस्थाच्या मनांत विटाळाचें भय कायमचें घर करून बसलें. जिचें बाळपण अशा घरांत धुण्या-शिंपडण्यांत गेलें, त्या मुलीनें पुढें काय केलें हें ऐकतांना ही गोष्ट आपण विसरतां कामा नये.

अकराव्या वर्षाच्या सुमारास, १८८० सालीं, तिचें लग्न नारायण वामन टिळकांशीं झालें. टिळक कवि, विद्वान, तापट, प्रेमळ आणि घरसंसाराच्या दृष्टीनें अगदींच बेभरंवशाचे. आज एका गांवीं नोकरी, उद्यां दुसऱ्या गांवीं. खिशांतला पैसा वाटेंत जो भेटेल त्याचा. नवरा-बायकोंत भांडणें होत, अबोले होत, आणि मग दोघेंही हंसत. बायकोला अक्षरें शिकविलीं तीं या नवऱ्यानेंच. हें शिकविणेंही त्यांच्या स्वभावाप्रमाणेंच चाले: लहर आली म्हणजे धडा, नाहीं तर महिनेच्या महिने कांहीं नाहीं.

१८९३ सालीं राजनांदगांवास नोकरीवर जात असतां आगगाडीच्या डब्यांत टिळकांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्यानें त्यांना बायबल दिलें. त्या भेटीचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत झाला. त्या दिवशीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळीं आप्तांकडे होत्या. पदरीं चार वर्षांच्या आंतला मुलगा, दत्तू. वय पंचविशीच्या थोडें पुढें. बातमी आली आणि एका क्षणांत ही बाई अशी झाली कीं जिला आपल्या भाषेंत नांवच नाहीं. नवरा जिवंत, म्हणून विधवा नव्हे; नवऱ्याकडे जाण्याची सोय नाहीं, म्हणून सवाष्ण तरी कसली? मंगळसूत्र गळ्यांत आहे, पण ज्याच्या नांवाचें तें आहे त्याच्या हातचें पाणी चालत नाहीं!

येथें एका कायद्याची आठवण करून देणें जरूर आहे. १८६६ सालीं सरकारनें धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याला त्याच्या धर्मांतरामुळें बायकोनें सतत सहा महिने टाकलें, तर त्यानें सहवासासाठीं दावा लावावा. तिनें कोर्टांत नकार दिल्यास एक वर्षाची मुदत द्यावी. आणि वर्षानंतरही नकार कायम राहिल्यास विवाह मोडून दोघांनाही पुन्हां लग्न करण्याची मोकळीक मिळावी, अशी त्यांतली योजना. कायदा करणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता. पण कल्पना करा: एका बाजूला नवरा आणि कोर्ट, दुसऱ्या बाजूला माहेर, सासर आणि भाऊबंदकी, आणि मधें एक बाई, जिला वर्षभराच्या आंत ‘होय’ किंवा ‘नाहीं’ सांगावयाचें आहे. ‘होय’ म्हटलें तर आई-बहिणींना मुकली. ‘नाहीं’ म्हटलें तर नवरा गेला. आणि तिला दिलेली पुनर्विवाहाची मोकळीक त्या काळच्या ब्राह्मण घरांत किती उपयोगाची होती, तें आपण जाणतांच.

टिळक त्या वाटेनें गेले नाहींत. दुसरें लग्न त्यांनीं केलें नाहीं. ते पत्रें लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. इकडे लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयानें पंढरपुरास राहिल्या. याच दिवसांत त्या कविता करूं लागल्या. ज्या बाईला जोडाक्षरें अडत होतीं तिला दुःखानें ओळी सुचविल्या, यांत मला नवल वाटत नाहीं. जात्यावर बसणाऱ्या आपल्या बायकांना लिहितां येत होतें कोठें?

सुमारें साडेचार वर्षें अशीं गेलीं. मग त्या मुलाला घेऊन नगरास नवऱ्याकडे आल्या.

आतां, आपण नीट लक्ष द्यावें असा भाग हा आहे. त्या नवऱ्याकडे आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे. आपली चूल, आपलें पाणी त्यांनीं वेगळें ठेवलें. एका छपराखालीं एक ख्रिस्ती नवरा आणि एक सोंवळ्यांतली बायको, असा तो संसार. टिळकांनीं त्यास हरकत घेतली नाहीं, आणि मला वाटतें, त्यांच्या आयुष्यांतल्या मोठ्या कृत्यांत याची गणना झाली पाहिजे. तापट माणसाला वाद घालणें सोपें असतें. गप्प बसणें फार कठीण.

बाहेर तो काळ भयंकर होता. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणतात, नगर जिल्ह्यावरून फिरत होता. पाठोपाठ प्लेग होताच. मिशनच्या आवारांत पोरकीं मुलें येऊन पडत होतीं. लक्ष्मीबाईंच्या भोंवतालचे ख्रिस्ती लोक तरी कोण? बहुतेक महार-मांगांच्या घरांतून आलेले. जुन्नर-आंबेगांवाकडच्या खेड्यांतून काय किंवा राहुरीकडच्या काय, ख्रिस्ती झालेल्या गरीब घरची सून ज्या अडचणींत होती, ती ब्राह्मण घरांतल्या अडचणीहून अगदीं निराळी. तिला चुलीचा प्रश्न नव्हता. तिच्यापुढें विहिरीचा प्रश्न होता. गांवची विहीर तिला पूर्वींही बंद होती आणि बाप्तिस्म्यानंतरही बंदच राहिली. तिला देवळांत जाण्याची बंदी होती, आतां तिला स्वतःचें एक प्रार्थनामंदिर मिळालें, मुलाला पाटी मिळाली. पण घागर घेऊन ताटकळत उभें राहणें कांहीं सुटलें नाहीं. लक्ष्मीबाईंनीं पाणी नाकारावयाचें होतें; या बायकांना पाणी मागावयाचें होतें. एका आवारांत दोघी राहत होत्या.

अशा परिस्थितींत एके दिवशीं लक्ष्मीबाईंच्या मनांत विचार आला कीं ही जात केली कोणी? देवानें केली असती तर पशुपक्ष्यांप्रमाणें माणसांच्या अंगावर तिची खूण नसती काय दिसली? हा विचार त्यांना कोणा पाद्र्यानें दिला नाहीं, नवऱ्यानेंही दिला नाहीं; घरकाम करतां करतां तो त्यांचा त्यांना सुचला. आणि एकदां पटल्यावर त्यांनीं अर्धवट कांहीं ठेवलें नाहीं. कोणाच्याही हातचें खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. ज्या बापाच्या घरीं विटाळाच्या भीतीनें पोरी कांपत, त्या बापाची ही लेक!

बाप्तिस्मा त्यांनीं घेतला तो यानंतर, १९०० सालीं.

म्हणजे पाहा, तीन गोष्टी तीन वेळां घडल्या. आधीं नवऱ्यावरचें प्रेम जिंकलें आणि त्या नगरास आल्या. मग जात गेली. श्रद्धा आली ती सर्वांत शेवटीं. ‘बाई नवऱ्याच्या मागोमाग ख्रिस्ती झाली’ असें जे म्हणतात त्यांनीं हा क्रम पाहावा. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्या विधवा होत्या. त्यांचा निर्णय त्यांचा एकट्यांचा होता, आणि तो किती गाजला हें आपणांस ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंचा निर्णयही त्यांचा स्वतःचाच होता, पण तो स्वयंपाकघरांत झाल्यामुळें कोणाला दिसला नाहीं.

पुढचा संसार मोठा गमतीचा आहे. गरिबी होतीच. टिळक पगार घरीं पोहोंचण्यापूर्वीं वाटून टाकीत आणि वर अनोळखी पाहुणे घेऊन येत. अशा एका पाहुण्याविषयीं सांगतों. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा १८९० सालीं जन्मलेला मुलगा. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत ‘बालकवि’ म्हणून त्याचें कौतुक झालें. हा ब्राह्मणाचा पोर पुढें टिळकांच्या घरीं राहूं लागला. आप्तांना भय, कीं टिळक याला बाटविणार. बाटविलें कोणी नाहीं. लक्ष्मीबाईंनीं त्याला जेवूं घातलें, रागावल्या, समजूत काढली, आणि तो रुसला म्हणजे त्याच्या मागें फिरल्या. मराठी कवितेच्या इतिहासांत या घरच्या ताटांचा हिशेब कोणी मांडलेला नाहीं. ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून हा पोरगा गेला. वयाचीं अठ्ठावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

श्रद्धेच्या बाबतींतही या घराची रीत आपली होती. टिळकांना विलायती चालीच्या गाण्यांनीं देव भेटेना. त्यांनीं ख्रिस्ताचें भजन अभंगांत आणि ओव्यांत बांधलें, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत. लक्ष्मीबाई स्वतः कीर्तनास उभ्या राहत. नऊवारी लुगड्यांतली बाई टाळांच्या नादांत ख्रिस्ताची कथा लावते, हें दृश्य कांहीं मिशनरी मंडळींना विचित्र वाटलें असेल, कांहीं ब्राह्मणांना त्याहून विचित्र. ज्या शेतकऱ्यांना जन्मभर कीर्तनाची संवय होती, त्यांना मात्र त्यांत परकें कांहीं वाटण्याचें कारण नव्हतें. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचें मनावर घेतलें, म्हणजे उरलासुरला पगारही गेला. तेंही बायकोनें पत्करलें. न बोलतां पत्करलें असें मात्र समजूं नका. ९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईंत वारले.

त्यानंतर सुमारें सतरा वर्षें लक्ष्मीबाई जगल्या. वडिलांच्या चरित्रासाठीं आठवणी सांग म्हणून मुलगा देवदत्त मागें लागला, आणि त्यांतून ‘स्मृतिचित्रें’ निघालीं. १९३४ पासून तीं भागशः पुस्तकरूपानें आलीं. त्या पुस्तकांत नवऱ्याची थोरवी आहे आणि नवऱ्याची फजितीही आहे; ज्या आप्तांनीं त्यांना साडेचार वर्षें सांभाळलें त्यांच्याविषयीं कडवटपणा नाहीं; नव्या धर्मबांधवांविषयीं आंधळें कौतुकही नाहीं. पुष्कळ विद्वानांना जमलें नाहीं असें सरळ मराठी गद्य या बाईंनीं लिहिलें, आणि शुद्धलेखनाची भीति त्यांना शेवटपर्यंत वाटत होती!

दुसरें एक काम टिळक अर्धवट टाकून गेले होते. ‘ख्रिस्तायन’ नांवाचें ओवीबद्ध महाकाव्य त्यांनीं हातीं घेतलें होतें आणि सुरुवातीचे कांहीं अध्याय लिहून ते गेले. बाकीचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिकास, म्हणजे आपल्या माहेरच्या गोदाकांठीं, त्यांनीं डोळे मिटले. ग्रंथ १९३८ सालीं छापून निघाला. त्यांत आरंभीं नवऱ्याच्या ओव्या आहेत, मग बायकोच्या. आणि त्याच्या अगदीं शेवटावर हात फिरविला तो दत्तूनें, ज्याला कडेवर घेऊन ती बाई पंढरपुरास वाट पाहत बसली होती.